चार रकाने आणि एक गोल बटण

तुमच्या घरी विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर आज एक काम करा. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये जा, ॲडॅप्टरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे एक यादी दिसेल. त्यातल्या ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ या ओळीवर डबल क्लिक करा. काही बदलू नका बरं का, फक्त बघा. एक छोटी खिडकी उघडेल आणि तिच्यात काही रकाने दिसतील: आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, डीफॉल्ट गेटवे आणि खाली डीएनएस सर्व्हर. बहुतेकांच्या घरी हे रकाने रिकामे असतात, आणि फिकट करडे. म्हणजे त्यात काही लिहिताही येत नाही. कारण वरचं एक गोल बटण दाबलेलं असतं, ज्याचा अर्थ ‘पत्ता आपोआप मिळवा’.

घरातल्या कॉम्प्युटरवर इंटरनेट कसं पोचलं, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. मोठमोठ्या केबल, उपग्रह, सरकारी धोरणं यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण मला ही खिडकी जास्त महत्त्वाची वाटते. कारण ती जुन्या वाड्यासारखी आहे: प्रत्येक खोली वेगवेगळ्या पिढीने बांधलेली, आणि आज राहणाऱ्यांना ते माहीत नाही. आणि तिच्यात एक प्रश्न लपलाय, ज्याचं उत्तर गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा बदललं. प्रश्न असा: हे रकाने भरायचे कुणी?

आता तुम्ही म्हणाल, आपोआप भरतात ना, मग विषय संपला. तसं नाहीये. ‘आपोआप’ म्हणजे आपण भरत नाही, एवढंच. भरणारं कुणीतरी असतंच.

रकाने आले कुठून?

पहिला रकाना, आयपी ॲड्रेस. १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं अर्पानेट जुनी पद्धत सोडून टीसीपी/आयपी या पद्धतीवर आलं. तेव्हा जाळ्यावर यायचं तर आधी आकडा मिळवावा लागे, आणि तो देणारा माणूस होता जॉन पोस्टेल. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत बसून तो कुणाला कुठला आकडा दिलाय याची नोंद ठेवायचा आणि अधूनमधून ती यादी जाहीर करायचा. १९८१ ची अशी एक यादी आज वाचली तर एखाद्या गावातल्या घरांची नोंदवही वाचल्यासारखं वाटतं. त्यात खुद्द अर्पानेटचा नंबर आहे १०. हा १० लक्षात ठेवा, तो पुढे परत भेटणार आहे.

दुसरा रकाना, सबनेट मास्क. यातला २५५.२५५.२५५.० हा आकडा पुष्कळांना पाठ असतो, पण तो का, हे फारसं कुणी सांगत नाही. झालं असं की विद्यापीठांना एकेक मोठा नेटवर्क नंबर मिळाला, आणि मग आतमध्ये प्रत्येक विभागाने आपापलं छोटं जाळं टाकलं. एकाच पत्त्यात ‘वाडा कुठला’ आणि ‘खोली कुठली’ हे वेगळं कसं ओळखायचं? त्यासाठी १९८५ मध्ये ही मास्कची पद्धत ठरली. जिथे २५५ आहे तो भाग वाड्याचा, जिथे ० आहे तो खोलीचा. विद्यापीठांच्या इमारतींमधली ही अडचण आज तुमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या कॉम्प्युटरवर एक रकाना अडवून बसली आहे.

तिसरा रकाना गेटवे, म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा. पत्र आतल्याच खोलीसाठी असेल तर थेट द्यायचं, बाहेरचं असेल तर या दारावर नेऊन टाकायचं. दार कुठे आहे, हे कॉम्प्युटरला आपणहून कळत नाही. कुणीतरी सांगावं लागतं.

चौथा डीएनएस. यातली गोष्ट मला सगळ्यात आवडते. सुरुवातीला जाळ्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला, एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचं कार्यालय सांभाळायचं. नवीन नाव नोंदवायचं असेल तर त्यांना कळवायचं. मग ते फाइलमध्ये भर घालणार आणि बाकीचे सगळे ती नवी फाइल उतरवून घेणार. कॉम्प्युटर वाढले तसं हे झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली: सगळी यादी एकाकडे नको, ज्याचा त्याने आपला भाग सांभाळावा आणि विचारलं की उत्तर द्यावं. पण मग ‘विचारायचं कुणाला’ हे प्रत्येक कॉम्प्युटरला सांगणं आलं. तोच चौथा रकाना. गंमत म्हणजे ती जुनी पद्धत पूर्ण गेलेली नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर ‘होस्ट्स’ नावाची एक छोटी फाइल अजून आहे, आणि तिच्यात लिहिलेलं नाव सहसा डीएनएसच्या आधी बघितलं जातं.

थोडक्यात, हे चारही रकाने घरातल्या माणसासाठी केलेच नव्हते. विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत एक पगारी माणूस असणार, त्याला हे आकडे माहीत असणार आणि तो ते भरणार, असं गृहीत धरलेलं होतं. घरी असा माणूस कुठून आणायचा?

टास्मानियाचा एक प्रोग्रॅम

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लोक घरून फोनच्या तारेने इंटरनेटला जोडायला बघत होते. पण विंडोज ३.१ ला टीसीपी/आयपी येतच नव्हतं. ही उणीव भरून काढली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या पीटर टॅटम यांनी. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात काम करत असताना त्यांनी ‘ट्रम्पेट विनसॉक’ हा प्रोग्रॅम लिहिला. १९९४ च्या सुमाराला तो जगभर पोचला. ज्यांनी तो वापरलाय त्यांना त्याची सेटिंग्जची खिडकी विसरता येणार नाही: आपले चार रकाने तर होतेच, शिवाय एमटीयू, टीसीपी आरविन, टीसीपी एमएसएस असले आणखी रकाने, आणि खाली ‘स्लिप’ की ‘पीपीपी’ हे ठरवायची खूण. वर पुन्हा लॉगिनची स्क्रिप्ट स्वतः लिहायची: मोडेमने हे म्हटलं की तू ते म्हण, समोरून नाव विचारलं की नाव दे. एक आकडा चुकला तरी जोडणी होत नसे, आणि चूक कुठे आहे हे कुणी सांगत नसे.

हा प्रोग्रॅम शेअरवेअर होता. म्हणजे आधी वापरून बघा, ठेवायचा असेल तर पैसे पाठवा. लाखो लोकांनी वापरला, पैसे फार थोड्यांनी पाठवले. पण माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचं आहे ते एक कोर्ट प्रकरण. ओझइमेल या ऑस्ट्रेलियन इंटरनेट कंपनीने ट्रम्पेट विनसॉक मासिकांसोबत फ्लॉपीवर वाटला. वाटलेली प्रत मूळ प्रतीसारखी नव्हती. ओझइमेलच्या सेवेला जोडणी व्हावी अशा दृष्टीने तिच्यात फेरफार केलेले होते. टॅटम यांची कंपनी कोर्टात गेली आणि १९९६ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. शेअरवेअर वाटायचं तर ते पूर्ण आणि न बदलता वाटलं पाहिजे, असा त्यातला मुद्दा.

कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण शेअरवेअरचं म्हणून येतं. मी ते वेगळ्या बाजूने वाचतो. इंटरनेट कंपनीला लवकर कळलं होतं की लोकांना रकाने भरता येत नाहीत, आणि जो ते आधीच भरून देईल त्याच्याकडे गिऱ्हाईक जाईल. रकाना भरणं हा धंदा झाला तो इथे.

फाउंटनचं इंटरनेट

आपल्याकडे ईआरनेटमुळे काही संस्थांमध्ये इंटरनेट आधीपासून होतं. जुहूचं एनसीएसटी, आयआयटी, बंगळुरूचं आयआयएससी यांना १९८० च्या दशकाच्या शेवटापासून त्याची ओळख होती. सर्वसामान्यांना मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलकडून. या कंपनीचं मुख्यालय मुंबईत फाउंटनला. सुरुवात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईपासून झाली. बरोबर नऊ दिवसांनी, २४ ऑगस्टला, अमेरिकेत विंडोज ९५ बाजारात आलं. आपल्या घरगुती इंटरनेटचा जन्म या दोन तारखांच्या जोडीतून झाला असं म्हणायला हरकत नाही.

व्हीएसएनएलच्या खात्यांचे प्रकार होते, आणि त्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. स्वस्त प्रकार म्हणजे शेल अकाउंट. विद्यार्थ्यांना ते ५०० रुपयांत मिळायचं. यात तुमचा कॉम्प्युटर इंटरनेटवर जातच नसे. तो फक्त व्हीएसएनएलच्या कॉम्प्युटरचा पडदा आणि कीबोर्ड व्हायचा. अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. चार रकान्यांचा प्रश्नच नव्हता, कारण तुमच्या कॉम्प्युटरला पत्ताच नव्हता. दुसरा प्रकार टीसीपी/आयपी अकाउंट, कितीतरी महाग. यात मात्र तुमचा कॉम्प्युटर स्वतः इंटरनेटचा भाग व्हायचा. म्हणजे बघा, ‘स्वतःचा पत्ता असणं’ यालाच किंमत होती. आज आपण ज्या खिडकीकडे बघतही नाही, तिचा हक्क तेव्हा पैसे मोजून घ्यावा लागे.

बरं, पैसे भरले म्हणून काम झालं का? विंडोज ९५ मध्ये टीसीपी/आयपी होतं, पण ते आधीपासून बसवलेलं नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ते जोडायचं, मग तो सीडी मागणार, मग म्हणणार की रीस्टार्ट करा. एक आकडा बदलला की रीस्टार्ट. त्यातही एक तांत्रिक भानगड होती. फोनवरून जोडणी करायची पीपीपी पद्धत तुमचा आयपी ॲड्रेस आपोआप ठरवू शकत होती, पण डीएनएस सर्व्हरचा पत्ता कळवायची सोय तिच्यात मुळात नव्हती. ती सोय डिसेंबर १९९५ मध्ये कागदावर आली आणि सगळीकडे पोचायला आणखी वेळ लागला. म्हणून त्या काळात पहिला रकाना रिकामा सोडून चालायचं, चौथा मात्र हाताने भरावा लागे. तुमच्या ओळखीत कुणा पन्नाशीच्या माणसाला २०२.५४ ने सुरू होणारा एखादा आकडा अजून पाठ असेल, तर त्याचं कारण हे. व्हीएसएनएलचे आकडे २०२.५४ ने सुरू व्हायचे.

हे सगळं कॉम्प्युटरसमोर एकट्याने बसून होत नसे. खात्याबरोबर मिळालेला छापील कागद, कॉम्प्युटर असेंबल करून देणारा मुलगा, सोसायटीतला एखादा ‘त्याला सगळं येतं’ असा दादा, अशा साखळीतून ते आकडे घराघरांत पोचायचे. मला हे फार मोलाचं वाटतं. त्या काळातलं तांत्रिक ज्ञान पुस्तकात नव्हतं, माणसांत होतं. पण यात रमून जाऊ नका. ज्याच्या ओळखीत असा दादा नाही, ज्याला इंग्रजी खिडकी वाचता येत नाही, तो बाहेरच राहायचा. चार रकाने हे कुंपणही होतं.

भाडेपट्टा

हे कुंपण पाडलं ते डीएचसीपीने. याचं मूळ १९८५ च्या बूटपी या पद्धतीत आहे. तेव्हा डिस्क नसलेले कॉम्प्युटर असत. चालू झाल्यावर त्यांना स्वतःचं नावगावही ठाऊक नसे, म्हणून ते जाळ्यावर ओरडून विचारत, ‘मी कोण?’ बूटपीमध्ये त्याचं उत्तर कुणीतरी आधी यादीत लिहून ठेवावं लागे. ऑक्टोबर १९९३ मध्ये राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने डीएचसीपीचा मसुदा आला आणि त्यात एक साधी पण मोठी कल्पना होती. पत्ता कायमचा द्यायचाच नाही, ठराविक मुदतीसाठी भाड्याने द्यायचा. मुदत संपत आली की कॉम्प्युटरने ती वाढवून मागायची. निघून गेला तर पत्ता दुसऱ्याला. इंग्रजीत त्याला ‘लीज’च म्हणतात, म्हणजे आपला भाडेपट्टा.

त्याच सुमाराला पत्त्यांचा तुटवडा भासू लागला होता. त्यावर तोडगा निघाला की काही आकडे ‘घरगुती’ ठेवायचे, ते कुणीही आपल्या आत वापरावेत, बाहेर मात्र एकाच पत्त्याने जावं. १९९४ आणि मग १९९६ मध्ये हे घरगुती आकडे ठरले. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे त्यातलेच, तुमच्या वायफाय राउटरचा पत्ता बहुधा तसाच असेल. आणि दुसरा गट? १० ने सुरू होणारा. अर्पानेट १९९० मध्ये बंद झालं, त्याचा आकडा मोकळा झाला आणि तो सगळ्यांना घरात वापरायला देऊन टाकला. कुणाच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर १० ने सुरू होणारा आकडा दिसला तर तो इंटरनेटच्या पूर्वजाच्या घराचा नंबर आहे.

राउटर घरात आला आणि त्याने पत्ता, मास्क, दार, डीएनएस हे सगळं एका दमात वाटायला सुरुवात केली. रकाने करडे झाले. आज आजी टॅबलेट लावते आणि नातवाशी बोलते, ती या गोल बटणामुळे. हे लहानसहान काम नाही. इंटरनेट सर्वांपर्यंत नेण्यात जेवढा वाटा स्वस्त मोबाइलचा आहे, तेवढाच मी या बटणाला देईन.

मग अडचण काय?

अडचण ही की डीएचसीपीमध्ये कॉम्प्युटर ओरडून विचारतो, आणि साधारणपणे आधी उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवतो. समोरचा खरा की खोटा, हे तपासायची सोय मूळ रचनेत नाही. १९९७ च्या मसुद्यातही लिहिणाऱ्यांनी कबूल केलंय की ही पद्धत बरीच असुरक्षित आहे. विद्यापीठात, जिथे सगळे ओळखीचे, तिथे हे चालून गेलं. घरी आपण कधी बघतच नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एस्टोनियातल्या एका टोळीवर कारवाई जाहीर केली. त्यांच्या ‘डीएनएसचेंजर’ या प्रोग्रॅमने शंभराहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांवर मुख्यतः एक गोष्ट केली होती: चौथा रकाना बदलला.  नाव विचारायचं ते आता टोळीच्या सर्व्हरला, मग ते म्हणतील ते पान उघडणार, जाहिराती त्यांच्या. आता पेच बघा. टोळीचे सर्व्हर बंद केले असते तर एवढ्या लोकांचं इंटरनेट एका क्षणात गेलं असतं, कारण त्यांचे कॉम्प्युटर विचारायला तिथेच जात होते. म्हणून कोर्टाच्या आदेशाने त्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले. आठ महिने लोकांना सांगत राहिले, बाबांनो, तुमची सेटिंग्ज तपासा. तरी शेवटच्या दिवशी दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर तसेच राहिले होते. रकाना कुठे असतो हेच विसरलेल्या माणसाला तो तपासा म्हणून काय उपयोग?

दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट. मार्च २०१४ मध्ये, स्थानिक निवडणुकांच्या तोंडावर, तुर्कस्तानात ट्विटर बंद केलं गेलं. सुरुवातीला ही बंदी डीएनएसमधून होती: तिथल्या कंपन्यांचे सर्व्हर ट्विटरचा खरा पत्ता सांगत नव्हते. लोकांनी काय केलं, तर इस्तंबूलच्या भिंतींवर रंगाने आकडे लिहिले: ८.८.८.८ आणि ८.८.४.४. हे गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचे पत्ते. ज्यांनी आयुष्यात ती खिडकी उघडली नव्हती त्यांनी ती उघडली आणि चौथा रकाना हाताने भरला. थोड्याच दिवसांत तिथल्या कंपन्यांनी या आकड्यांकडे जाणारे प्रश्नही मध्येच अडवून स्वतः उत्तरं द्यायला सुरुवात केली, हे गूगलनेच जाहीर केलं. म्हणजे रकाना भरणं पुरेसं ठरलं नाही. पण तो आपण भरू शकतो हे कळल्यामुळेच पुढची लढाई कुठे आहे ते दिसलं.

मला सांगायचं ते एवढंच. रकाने पोस्टेलने भरले, मग विद्यापीठातल्या पगारी माणसाने, मग सोसायटीतल्या दादाने, मग कंपनीच्या फ्लॉपीने, आता राउटर भरतो. दर वेळी काम सोपं झालं आणि जास्त लोक आत आले. आणि दर वेळी भरणारा आपल्यापासून थोडा लांब गेला. मी जुने दिवस परत यावेत असं म्हणत नाही. रोज विहिरीवरून पाणी आणा असं कोण म्हणेल? पण घरात येणारा पाइप कुठून येतो आणि त्याची चावी कुठे आहे, हे घरातल्या एकाला तरी माहीत असावं.

जाता जाता एक विनंती. या इतिहासाची साधनं दफ्तरखान्यात मिळत नाहीत. कायदे, निविदा, वार्षिक अहवाल मिळतात. पण खात्याबरोबर आलेला तो छापील कागद, वहीच्या मागच्या पानावर दादाने लिहून दिलेले चार आकडे, मोडेमच्या खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी, हे सगळं रद्दीत जातं. घर आवरताना असं काही सापडलं तर लगेच फेकू नका. मागे तारीख, गाव आणि ते कुणी लिहून दिलं होतं ते टिपून ठेवा. ती खिडकी घराघरांत कशी उघडली, याची साक्ष त्या चिठ्ठीतच आहे.